शंभर खोडं म्हणजे दीडशे मीटर

शिकारीच्या त्या खेळात बंदुकीवरची दुर्बीण तीन अंतरांवर लावता येते: पंचाहत्तर, दीडशे आणि तीनशे मीटर. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की आकडा बदलतो. दुर्बीण दीडशेवर असेल आणि हरिण बरोबर दीडशे मीटरवर उभं असेल, तर काचेतल्या फुलीचा मध्य जिथे ठेवला तिथेच गोळी लागते. हरिण त्याहून जवळ असेल तर गोळी थोडी वरून जाते, लांब असेल तर खाली उतरते. म्हणून आधी अंतर बघायचं, मग दुर्बीण लावायची, आणि मगच गोळी झाडायची. यात न समजण्यासारखं काही नाही. माझ्या मोठ्या भावाला मात्र हे साडेतीन महिन्यांत एकदाही करावंसं वाटलं नाही, आणि चौथ्या महिन्यापासून तो ते बिनचूक करायला लागला. मी त्या बदलावर विश्वास ठेवला. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी बावन्न वर्षांचा आहे. जळगावात पिंप्राळ्यात राहतो आणि शेतकऱ्यांना ठिबकचे आराखडे काढून देतो. टेप घेऊन वावरात फिरायचं, चढउतार बघायचा, कोणत्या नळीला किती दाब लागेल ते काढायचं. नळी जितकी लांब, तितका शेवटच्या झाडापाशी दाब कमी. गोळीचंही तसंच असतं हे कळल्यावर मला तो खेळ आवडला. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. खेळ तिनेच लावून दिला. नानाकडेही, म्हणजे माझ्या भावाकडे धुळ्याला, पुतण्याचा कॉम्प्युटर कापडाखाली झाकून ठेवलेला होता. मुलगी जानेवारीत काकांकडे गेली असताना तोही सुरू करून आली. "दोघं एकमेकांशी बोलत नाही, निदान हरणं तरी मारा," असं ती म्हणाली.

बोलत नव्हतो असं नाही. लग्नकार्यात बोलायचो, फोनवर तब्येत विचारायचो. फक्त एका गोष्टीवर अकरा वर्षांत बोललो नव्हतो.

अकरा वर्षांपूर्वी आबा, म्हणजे आमचे वडील, गावी, असोद्याच्या घरी जेवता जेवता एका बाजूला कलले. त्यांचं तोंड वाकडं झालं. आईचा मला फोन आला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी नानाला कळवलं. धुळ्यात त्याच्या ओळखीचे चांगले डॉक्टर होते. तो म्हणाला, "गाडी कर आणि इकडेच घेऊन ये." मी म्हणालो, असोद्याहून जळगाव सहा किलोमीटर आहे, धुळं शंभर. मी जळगावात नेलं. दोन पस्तीसला गाडी दारात आली, दोन अठ्ठावन्नला आबा दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी ते गेले. दहाव्याला घाटावर, चारचौघांत, नाना मला म्हणाला, "तू किलोमीटर मोजत बसला."

त्यानंतर मी ते तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहिले, दोन वीस, दोन पस्तीस, दोन अठ्ठावन्न, आणि ती चिठ्ठी पाकिटात ठेवली. कोणी विचारलं तर दाखवायला. कोणीच विचारलं नाही. पाकिटं तीन बदलली, चिठ्ठी तीच राहिली.

तर जानेवारीपासून दर रविवारी दोन ते चार आम्ही खेळायला लागलो. कानाला हेडफोन लावून, तो तिकडे, मी इकडे. पडद्यावर आम्ही दोघं एकाच रानात, एकाच झुडपाआड बसलेले. खेळात अंतर दाखवणारं एक यंत्र मिळतं. नानाने ते कधी वापरलं नाही. तो चित्रकलेचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे. त्याचा सगळा भरवसा डोळ्यावर. लहानपणी गलोल घेऊन हिंडायचो तेव्हाही तो म्हणायचा, "तू मोज, मी मारतो."

"बापू, किती असेल रे?" तो विचारायचा. घरात धाकटा म्हणून मी बापू.

"तू सांग."

"दीडशे-पावणेदोनशे खोडं."

हे आमचं घरचं माप. केळीची लागवड आमच्याकडे पाच बाय पाच फुटांवर असायची. ओळीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं अंतर आम्ही खोडांत सांगायचो. आबाही तसंच सांगायचे, विहीर ऐंशी खोडांवर, रस्ता दोनशे खोडांवर. शंभर खोडं म्हणजे पाचशे फूट, म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर. खेळातली तिन्ही अंतरं आमच्या मापात चोख बसत होती: पन्नास, शंभर, दोनशे खोडं. मला या गोष्टीचा फार आनंद झाला होता.

"दोनशे साठ मीटर," मी यंत्रात बघून सांगायचो. "एकशे सत्तर खोडं. दुर्बीण तीनशेवर घे."

"असू दे रे. बोटभर वर धरतो."

"बोटभर म्हणजे किती?"

"म्हणजे बोटभर."

गोळी हरणाच्या पोटाखालून जायची आणि धूळ उडायची. नाना हसायचा. "तुझे आकडे ऐकून पळालं ते."

मी खेळासाठी एक वही केली होती. प्रत्येक गोळीनंतर खेळ एक तक्ता दाखवतो: कोणाची गोळी, किती अंतर, दुर्बीण कितीवर, कुठे लागली. तो मी उतरवून घ्यायचो आणि पुढे वेळ लिहायचो. एप्रिलच्या मध्यापर्यंत नानाच्या एकसष्ट गोळ्या झाल्या. एकसष्टच्या एकसष्ट वेळा दुर्बीण दीडशेवर होती. लागल्या तेवीस.

हे बघून मार्चअखेरीसच मी त्याच्यासाठी तक्ता बनवायला घेतला होता. खेळात एक लाकडी कोठार आहे. त्याच्या भिंतीला आडव्या फळ्या आहेत. मी पन्नास मीटरपासून साडेतीनशेपर्यंत, पंचवीस-पंचवीस मीटर मागे सरकत, दुर्बिणीच्या तिन्ही आकड्यांवर प्रत्येकी पाच गोळ्या त्या भिंतीवर झाडल्या आणि कितवी फळी फुटली ते लिहिलं. रोज संध्याकाळी एक तास, असे अठरा दिवस लागले. बायको म्हणाली, "हरणाने काय बिघडवलंय ते कळतं. या भिंतीने काय बिघडवलंय?" त्यातून एका पानाचा तक्ता निघाला. एकशे दहा मीटरपर्यंत पंचाहत्तर ठेवायचं, तिथून दोनशे वीसपर्यंत दीडशे, पुढे तीनशे, आणि प्रत्येक ठिकाणी फुली किती वर-खाली धरायची ते. शेजारी खोडांचा रकाना. त्याचा फोटो नानाला फोनवर पाठवला. त्याने हात जोडलेलं चित्र परत पाठवलं.

पुढच्या रविवारी त्याचा हेडफोन बिघडला. आवाज येत नाही, आता लिहूनच बोलू, असा निरोप आला. खेळात खाली ओळ लिहायची सोय आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून आमचं काम चालायला लागलं. आणि त्याच रविवारी नानाच्या पहिल्या गोळीचा तक्ता आला: अंतर चौऱ्याण्णव, दुर्बीण पंचाहत्तरवर. दुसरी: दोनशे एकेचाळीस, दुर्बीण तीनशेवर. दोन्ही लागल्या.

मी बायकोला हाक मारून पडदा दाखवला. "नानाने तक्ता वाचला," मी म्हणालो.

त्या दिवसापासून एकही गोळी तक्त्याबाहेर गेली नाही. ऑगस्टपर्यंत एकशे चार गोळ्या झाल्या, एक्क्याऐंशी लागल्या. बोलणं कमी झालं होतं, पण कामाचं होतं. "१७५ मीटर. दीडशे ठेवलं." "वारा आहे, थांबतो." खोडं बंद झाली. सगळं मीटरमध्ये. साठ वर्षं खोडांत मोजणारा माणूस एका आठवड्यात मीटरवर येतो, हे मला खटकायला हवं होतं. मी ती सुधारणा समजलो. धाकट्या भावाला आयुष्यात एकदा तरी वाटावं की मोठ्याने आपलं ऐकलं, तसं मला दर रविवारी दोन तास वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

जुलैत, आबांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, आम्ही खेळातल्या एका तळ्याकाठी सांबराची वाट बघत बसलो होतो. वीस मिनिटं काही आलं नाही. समोर नाना बसला आहे, बंदूक मांडीवर, आणि त्याचं तोंड मला दिसत नाही, अशी ती जागा. मी लिहिलं: "नाना, एक विचारू? आबांना त्या दिवशी धुळ्याला आणायला पाहिजे होतं का?"

 मग ओळ आली: "नाही. तुझं बरोबर होतं. आबा रस्त्यातच गेले असते."

मी हात कीबोर्डवरून काढले. सांबर आलं, पाणी पिऊन गेलं. आम्ही दोघांनीही गोळी झाडली नाही. त्याने का झाडली नाही, याचा मी मला हवा तो अर्थ लावला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बोलले एकदाचे." ती ओळ मी वहीत उतरवली, तारीख-वेळेसकट. मग पाकिटातली चिठ्ठी काढली, घड्यांवर ती आपोआप तुकड्यांत सुटतच होती, आणि फाडून टाकली. आता ती कोणाला दाखवायची नव्हती.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही खेळत होतो. दोन सत्तेचाळीसला नानाची गोळी झाली, दोनशे अडुसष्ट मीटर, दुर्बीण तीनशेवर, लागली. मी लिहून घेत असताना फोनवर घरच्या ग्रुपचा फोटो आला. एरंडोलच्या मावसभावाने पाठवला होता. पद्मालयाच्या देवळासमोर पाच-सहा जण उभे, मध्ये नाना, हातात नारळ. खाली लिहिलं होतं, आत्ताच दर्शन झालं. वेळ दोन एक्कावन्न.

एका फोटोवरून काही ठरवू नये. फोटो सकाळचा असेल, आत्ता पाठवला असेल. मी खेळात लिहिलं, "नाना, कुठे आहेस?"

"घरीच," उत्तर आलं.

मी मावसभावाला फोन लावला.

"नाना आहे का तिथे?"

"हा काय, बाजूलेच बसेल हाये. भजे खाऊन राहिला. देऊ का?"

"नको. काही काम नव्हतं."

फोन ठेवून मी पडद्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी झुडपाआड नाना बसला होता. त्याने बंदूक उचलली, यंत्रात अंतर पाहिलं, दुर्बीण बदलली. सगळं माझ्या तक्त्याप्रमाणे. चार वाजेपर्यंत मी त्या माणसाबरोबर खेळलो. तो कोण आहे हे विचारलं नाही. चुकीच्या माणसाकडून खरं उत्तर आलं तरी त्याचं करायचं काय, हे मला कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेअकराची धुळ्याची बस पकडली. पारोळ्याच्या पुढे गेल्यावर नानाला निरोप पाठवला: "दोनला सुरू कर." हे फसवणं होतं, मान्य आहे. दोन वाजून सहा मिनिटांनी मी त्याच्या घरात शिरलो. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत नाना दिवाणावर बनियनवर झोपला होता, तोंडावर पेपर. आतल्या खोलीत पुतण्याच्या टेबलापाशी वहिनी बसल्या होत्या. पदर खोचलेला, नाकावर चष्मा, हात कीबोर्डवर. समोरच्या भिंतीला माझा तक्ता मोठा करून चिकटवला होता, आणि त्याच्या कडेला त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

वहिनींनी मागे वळून पाहिलं.  मग चष्मा काढून म्हणाल्या, "जेवले का, भाऊजी?"

नाना जागा झाला. त्याला लाज वाटली असं दिसलं नाही. "आला का बापू? फोन तरी करायचा."

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून? अच्छा, ते." तो उठून बसला. "तो तक्ता पाठवला ना तू, तेव्हापासून. मले कंटाळा आला रे. दुपारी जरा पडावं म्हणतो तर तुझं दोनशे साठ आणि एकशे सत्तर. शाळेतून सुटलो ते काय गणितासाठी? हिला म्हटलं, तू बस, त्याले काय कळतं."

"सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतं. मग पोरगी म्हणाली असती, काकांनी मोडलं. चालू तर होतं ना सगळं? नेम तर हिचा माझ्यापेक्षा चांगला."

"चार महिने मी तुझ्याशी बोलतोय म्हणून बोलत होतो."

"हरणाचंच तर बोलत होता," नाना म्हणाला.

तेव्हा मला समजलं की त्याला माहीतच नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्या चहाचं आधण ठेवत होत्या, माझ्याकडे पाठ करून. वहिनी धुळ्याकडच्याच, साक्रीजवळच्या. बाजरी-कपाशीचं घर. केळीची ओळ त्यांनी लग्नानंतर पाहिली.

"आबांचं ते तुम्ही लिहिलं?"

"हो."

"नानाला विचारून?"

"नाही. तुम्ही विचारलं हे पण त्यांना माहीत नाही." त्यांनी साखर टाकली, दोन चमचे, मग माझ्यासाठी एक, मी कमी घेतो म्हणून. "काय करणार होते मी? अकरा वर्षांनी तुम्ही विचारलं. त्यांना उठवलं असतं तर ते काहीतरी बोलून बसले असते. मले वाटलं, तुमच्या मनाला बरं वाटेल."

"नानाने कधी तसं म्हटलं होतं? घरात, तुमच्यापाशी?"

वहिनींनी विचार केला. त्यांना खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या खोटं बोलल्या नाहीत. "नाही, भाऊजी. मला वाटलं ते मी लिहिलं. तुमना तक्ता बरोबर शे, म्हणून तेव्हा पण तुमचं बरोबरच असणार असं मला वाटलं."

चहा घेऊन मी बाहेरच्या खोलीत आलो. नाना पेपर वाचत होता. चिठ्ठी नव्हती, पण आकडे पाठ होते. मी बशी खाली ठेवून विचारलं, तेच शब्द: आबांना त्या दिवशी धुळ्याला आणायला पाहिजे होतं का?

त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला.  मग म्हणाला, "आणायला पाहिजे होतं. मले आजही तसंच वाटतं. तुले खोटं काहून सांगू?"

"रस्त्यात गेले असते तर?"

"माझ्या गाडीत गेले असते. मी भेटलो तरी असतो. मी आलो तेव्हा ते ओळखत नव्हते."

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. अकरा वर्षं मी त्याला वेळ आणि अंतर दाखवायला निघालो होतो, आणि त्याची तक्रार त्यातली नव्हतीच. हे तो मला कधीही सांगू शकला असता. त्याने घाटावर किलोमीटरचं नाव घेतलं, म्हणून मी किलोमीटर सांभाळत बसलो.

"पाचची बस मिळेल," मी म्हणालो.

"थांब की. हिने वरण-बट्टी टाकलीय."

मी थांबलो नाही. वहिनी दारापर्यंत आल्या. "रागावू नका," म्हणाल्या. मी रागावलो नाही म्हणून सांगितलं. चार महिन्यांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. त्या माझ्याशी किती खोटं बोलल्या ते वहीत आहे.

घरी येऊन वही काढली. एप्रिलपासूनच्या एकशे आठ ओळींत नानासाठी 'ना' लिहिलं होतं. शेवटच्या रविवारच्या चार गोळ्या धरून. प्रत्येक 'ना' एका रेघेने खोडला आणि वर वहिनींसाठी 'व' लिहिलं. आधीच्या एकसष्ट ओळी तशाच ठेवल्या, त्या त्याच्या होत्या. तेवीस लागलेल्या, अडतीस चुकलेल्या, सगळ्या दीडशेवर. जुलैतली ती ओळही खोडली नाही, फक्त समोर 'व' लिहिलं. वही खोटी ठेवणं मला जमत नाही. मग शेवटच्या पानावर दोन वीस, दोन पस्तीस, दोन अठ्ठावन्न असं लिहून बघितलं. त्याच्याखाली चौथा आकडा हवा होता, नाना दवाखान्यात कधी पोचला तो. तो मी कधी टिपलाच नव्हता.

बायको म्हणाली, "वहिनींनी तुमच्या भल्यासाठीच केलं." मला ते मान्य आहे. त्याने काही फरक पडत नाही. खोट्या उत्तरावर मी सहा आठवडे नीट झोपलो, ती झोप आता परत करता येत नाही.

पुढच्या रविवारी दोन वाजता सवयीने कॉम्प्युटर लावला. नानाचं नाव आधीच हिरवं झालं होतं. झुडपाआड तोच शिकारी बसलेला. समोर माळावर हरिण चरत होतं, मान खाली, आडवं उभं, यापेक्षा सोपं मिळत नाही.

खाली ओळ आली: "भाऊजी, मी आहे."

मग दुसरी: "२१२ मीटर. किती ठेवू?"

तक्ता त्यांच्या समोरच्या भिंतीवर आहे. दोनशे वीसपर्यंत दीडशे, हे त्यांना पाठ आहे. मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही गोळी झाडली नाही, वाट बघत राहिल्या. हरिण चरत चरत पुढे गेलं आणि झाडीत शिरलं.

वहीत लिहिलं: २१२ मीटर, एकशे एकोणचाळीस खोडं. गोळी नाही.